प्रतिसाद: श्रेय शिडांनाही द्या

इंग्लंडच्या आयल ऑफ वाइट बेटाभोवतीची १८५१ ची नौकाशर्यत 'अमेरिका' ही अमेरिकन स्कूनर (एक प्रकारची शिडाची नौका) केवळ तळाच्या आकारामुळे जिंकली, असं मूळ लेखात लिहिलंय. आकार महत्त्वाचा होताच, पण शिडं विसरू नका! तेव्हा इंग्रज यॉटची शिडं हातमागावरच्या जवसाच्या कापडाची असत. ती सैल पडून फुगत. विणीतून वारा निसटू नये म्हणून त्यांवर पाणी मारत. 'अमेरिका'ची शिडं यंत्रावर विणलेल्या घट्ट सुती कापडाची होती आणि मोठ्या शिडाची खालची कड बूमला (शिडाखालच्या आडव्या दांड्याला) दोरीने आवळलेली. सपाट शीड नौकेला वारा येतो त्या दिशेच्या अधिक जवळून जाऊ देतं. आयल ऑफ वाइटच्या त्या फेरीनंतर इंग्रज कारागीरही सुती कापडाकडे वळले.

माझ्या मते शिडांच्या घडणीतला त्याहून सुंदर टप्पा अमेरिकन नौका-रचनाकार नॅथनेल हेरशॉफचा. पूर्वी कापडाचे पट्टे शिडाच्या मागच्या कडेला समांतर शिवत. त्याने ते काटकोनात लावले. शिवणी वाऱ्याच्या ओघात आल्या, मागची कडही कमी ताणली जाऊ लागली.

त्याचे आराखडे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या हार्ट संग्रहात आहेत. सेल प्लॅन (शिडांचा आराखडा) बघताना शिडांच्या क्षेत्रफळाचा मध्यबिंदू जरूर शोधा. तो नौकेच्या पाण्याखालच्या भागाच्या मध्यबिंदूच्या किंचित पुढे काढतात. फार मागे गेला, तर नौका सारखी वाऱ्याकडे वळते आणि सुकाणूवाल्याचे हात भरून येतात.