जबड्याचं टेन्शन
अगं, आपण ट्रान्स बायका घेतो ते हार्मोन्स सुरू करून सहाच महिने झालेत ना, मग जबडा नि भुवयांवरचं हाड बघून इतकी का खचतेस? हाड तसंही गोळ्यांनी बदलत नाही, पण चेहऱ्यावरची चरबी सरकायला दोन-तीन वर्षं जातात, तोवर काही ठरवून टाकू नकोस. आणि सेल्फीवरून तर अजिबातच नको, मोबाईल जवळ धरला की नाक कुणाचंही मोठंच दिसतं. चेहऱ्याच्या सर्जरीसाठी पैसे साठवायचेत तर साठव, पण आधी दाढीचं लेझर कर, हनुवटीवरची ती हिरवट सावली गेली की बराच फरक पडतो (पांढऱ्या केसांना लेझर चालत नाही, त्यांना इलेक्ट्रोलिसिसच, म्हणजे बारीक सुईने करंट देऊन एकेक केस मुळापासून मारणं). आवाजाचा सरावही आत्तापासूनच, आवाज इस्ट्रोजेनने, म्हणजे आपल्या या बायकी हार्मोनने, बदलत नाही. लोकलच्या लेडीज डब्यात बायका माझ्याकडे वळून बघायच्या ते मी तोंड उघडल्यावर, जबड्याचं कुणाला पडलेलं नव्हतं.