[मंडळ-यादी] ॲनाहाइम सहल: घाबरणारी मुलं आणि राइड्स

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

डिस्नेलँड सहलीची नावनोंदणी पूर्ण झाली. चार ते आठ वयाची मुलं बरीच आहेत आणि अनेक घरांतून भारतातून आलेले आजी-आजोबाही येणार आहेत. पालकांचे प्रश्न साधारण सारखेच आहेत. कोणती राइड मुलाला झेपेल? रांगेत रडायला लागलं तर काय करायचं? आईवडिलांना मोठी राइड घ्यायची असेल तर धाकट्याकडे कोण बघणार? ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी इथेच उत्तर द्यावं. "काही होत नाही, मजा येते" छापाची उत्तरं नकोत. कुठे काय आहे ते लिहा.

सहल समिती

---

प्रेषक: मेधा

नमस्कार,

उंचीच्या पाटीपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. बार किंवा बेल्ट अंगाला नीट बसावा म्हणून उंचीची अट असते. राइड किती भीतीदायक आहे, हे ती पाटी सांगत नाही. कॅलिफोर्निया ॲडव्हेंचरमध्ये (डिस्नेलँडच्या शेजारचं दुसरं पार्क) गूफीज स्काय स्कूल या छोट्या कोस्टरला ४२ इंच (१०७ सेंमी) लागतात आणि गार्डियन्सला ४० इंच (१०२ सेंमी). म्हणजे पाटीवर गार्डियन्स "लहानांची" ठरते. प्रत्यक्षात गूफीच्या वळणांवर गाडी कठड्याबाहेर जाते की काय असं फक्त वाटतं. गार्डियन्समध्ये मात्र अंधाऱ्या लिफ्टसारखी खोली वर जाते आणि खाली सोडली जाते, तेही पुन्हा पुन्हा. शिवाय वर-खाली होण्याचा क्रम दर वेळी सारखा नसतो, त्यामुळे "आता हे होईल" असं मुलाला आधी सांगताही येत नाही. ४० इंच भरले म्हणून पाच वर्षांच्या मुलाला तिथे नेऊ नका.

याच्या उलट फसवणूक फँटसीलँडमध्ये, म्हणजे डिस्नेलँडच्या परीकथांच्या भागात होते. तिथल्या बहुतेक राइड्सना उंचीची अट नाही, नावं परीकथांची, म्हणून पालक निर्धास्त असतात. मिस्टर टोडच्या राइडमध्ये अंधारात समोरून आगगाडी येते आणि शेवटी चक्क नरक आहे, लाल उजेड आणि सैतानांसकट. पिनोकिओत पिंजरा आणि देवमासा आहे. स्नो व्हाइटची राइड २०२१मध्ये बरीच सौम्य करून पुन्हा उघडली, पण चेटकीण आजही आहे. या गाड्या हळू चालतात, तरी तीन-चार वर्षांच्या मुलांना वेगापेक्षा अंधार आणि अचानक पुढे येणारी आकृती जास्त घाबरवते. या वयात "तो पुतळा आहे" हे कळतं, पण पटत नाही.

म्हणून "माझं मूल भित्रं आहे का?" असा प्रश्न विचारू नका. ते नेमकं कशाला घाबरतं ते शोधा: अंधार, मोठा आवाज, अचानक काहीतरी समोर येणं, उंची, पोटात गोळा येणं, की अडकून पडल्यासारखं वाटणं. घरी याची परीक्षा सहज होते. मिक्सर लावला की कान झाकतं? झोपाळ्यावर उंच गेलं की हसतं की "बास" म्हणतं? खोलीतला दिवा गेला तर? झोपाळ्यावर खिदळणारं पण अंधाराला घाबरणारं मूल उघड्यावरच्या छोट्या रोलर कोस्टरवर मजेत बसेल आणि हाँटेड मॅन्शनच्या (भुतांच्या वाड्याच्या) दारात भोकाड पसरेल. यात विसंगत काही नाही.

व्हिडिओ जरूर दाखवा, पण पद्धतशीर. पहिल्यांदा आवाज बंद करून, फोनच्या छोट्या पडद्यावर. दुसऱ्यांदा आवाजासकट. तिसऱ्यांदा मुलाला सांगू द्या, "आता काय येणार?" एक लक्षात असू द्या: अंधाऱ्या राइडचे व्हिडिओ कॅमेऱ्यामुळे खऱ्यापेक्षा उजळ दिसतात. प्रत्यक्षात जास्त अंधार असतो हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर "तू खोटं सांगितलंस" हे ऐकावं लागेल. आणि ते खरं असेल.

पायऱ्या खालून वर चढवा. किंग आर्थर कॅरूसेल (गोल फिरणारे लाकडी घोडे), मग केसी ज्युनियरची आगगाडी (उघड्यावर, संथ), मग डम्बो (गोल फिरणारे उडते हत्ती). अंधाराची सवय करायची तर इट्स अ स्मॉल वर्ल्ड, मग पीटर पॅन. वेगाची करायची तर टूनटाउनमधला गॅजेटकोस्टर, ३५ इंच (८९ सेंमी): एका मिनिटाच्या आत संपतो आणि सगळा ट्रॅक बाहेरून दिसतो. बाहेर उभं राहून दोन-तीन फेऱ्या बघा, उतरणाऱ्या मुलांचे चेहरे दाखवा, मग रांगेत लागा. अंधाराच्या आणि वेगाच्या पायऱ्या वेगळ्या ठेवा. स्पेस माउंटन या अंधारातल्या कोस्टरमध्ये दोन्ही एकदम येतात, म्हणून तो अगदी शेवटी.

मेधा

---

प्रेषक: प्रसाद

मेधाताईंनी मनाचं लिहिलं, मी यंत्राचं लिहितो.

कुठे बसवायचं याने बराच फरक पडतो. कोस्टरची गाडी चढ ओलांडते तेव्हा पुढचा डबा माथ्यावर थोडा रेंगाळतो, कारण मागचे डबे अजून चढावर असतात. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढचे उताराला लागलेले असतात आणि त्याला खेचून नेतात. म्हणून मागच्या रांगेत पोटात गोळा जास्त येतो. अगदी पुढे झटका कमी, पण सगळं समोर दिसतं. पहिल्यांदा बसणाऱ्या मुलासाठी मधली रांग. रांगेच्या शेवटी कर्मचारी जागा सांगतात तेव्हा "मिडल रो, प्लीज" म्हणावं. जमलं तर देतात, थोडं थांबावं लागेल.

बिग थंडर या खाणीतल्या आगगाडीच्या कोस्टरला एका बाकावरच्या सगळ्यांसाठी एकच बार असतो. तो मोठ्या माणसाच्या मांडीवर अडकतो आणि शेजारच्या मुलाच्या पोटापुढे मोकळी जागा राहते. मूल सुरक्षित असतं, पण वळणावर बाकावरून घसरतं आणि त्याला वाटतं आपण पडणार. उपाय: मुलाला पाठ बाकाला टेकवून पूर्ण मागे बसवा, पाय खाली टेकत असतील तर दाबून धरायला सांगा, दोन्ही हातांनी बार पकडू द्या, आणि तुमचा हात त्याच्या खांद्यामागे न ठेवता छातीपुढून आडवा ठेवा.

मॅटरहॉर्न या बर्फाळ डोंगराच्या कोस्टरचं वेगळंच. १९५९चा हा जगातला पहिला नळीच्या पोलादी रुळांचा कोस्टर. बसायला एकामागे एक जागा. शेजारी कोणी नाही, हात धरता येत नाही. एका स्लेडमध्ये (घसरगाडीसारख्या डब्यात) तिघं बसतात, म्हणून मुलाला मध्ये ठेवा, मागून आवाज देत राहा. ४२ इंच लागतात. शिवाय आत हिममानव आहे, लाल डोळ्यांचा. आधी सांगा.

डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे? स्टार टूर्ससारख्या पडद्याच्या राइडमध्ये डोळ्यांना दिसणारी हालचाल आणि शरीराला जाणवणारी हालचाल जुळत नाही, म्हणून मळमळतं. तिथे डोळे मिटले, किंवा पडद्याऐवजी समोरच्या सीटची पाठ बघितली, की बरं वाटतं. खऱ्या रुळावरच्या कोस्टरवर मात्र डोळे मिटू देऊ नका. वळण कधी येतंय ते दिसत नाही, मान सैल राहते आणि हिसका बसतो. उतारावर "आऽऽ" करून ओरडायला सांगा. श्वास सुटतो, नाहीतर मुलं तो कोंडून धरतात आणि पोटातला गोळा आणखी मोठा वाटतो.

सोअरिनमध्ये (मोठ्या पडद्यासमोर उडण्याचा भास देणारी राइड) पाय अधांतरी लोंबतात. उंचीची भीती असेल तर तिसरी रांग मागा. पहिली रांग सगळ्यात वर जाते.

प्रसाद

---

प्रेषक: अरविंद (काका)

सर्वांना नमस्कार.

वाचून कौतुक वाटलं, पण थोडं अतीही वाटलं. जत्रेतल्या पाळण्यात मुलांना कोणी असं विचारून बसवत नव्हतं. एकदा बसलं की भीती मोडते. इतकं विचारत बसलात तर मूल नाहीच म्हणणार. थोडा धक्का द्यायलाच हवा.

अरविंद

---

प्रेषक: मेधा

काका, तुमच्या म्हणण्यातलं अर्धं मला मान्य आहे. प्रत्येक वेळी "बरं, नको" म्हणून माघारी फिरलं तर भीती वाढते, कारण पळाल्यामुळे सुटलो हेच मूल शिकतं. धक्का हवा, पण तो पुढच्या पायरीचा, आणि थांबण्याची सोय ठेवून. उचलून बसवलेल्या मुलाला बार खाली आल्यावर तीन मिनिटं काहीच करता येत नाही. काही मुलं उतरल्यावर हसतात, आणि आपण फक्त तीच लक्षात ठेवतो. बाकीची दिवसभर कॅरूसेललाही नाही म्हणतात, कारण आता त्यांना राइडपेक्षा आईवडिलांची भीती वाटते: हे पुन्हा फसवतील.

म्हणून रांगेत ही पद्धत. मुलाला बोटांनी दाखवायला सांगा, किती भीती वाटते. मूठ म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे खूप. दोन-तीन बोटं असतील तर जा, तिथे फायदा होतो. चार असतील तर रांगेतच थांबून कशाची भीती ते विचारा, बहुधा एकच गोष्ट निघते. पाच असतील तर बाहेर. रांगेतून केव्हाही परतता येतं. कर्मचाऱ्याला सांगितलं की वाट दाखवतात, आणि अशी कुटुंबं ते रोज बघतात, लाजायचं कारण नाही. बाहेर आल्यावर लगेच दुसरीकडे पळू नका. जिथून लोक उतरतात तिथे बाकावर दहा मिनिटं बसा, काहीतरी खा, बघू द्या. बरीच मुलं इथेच मन बदलतात. बदललं नाही तर विषय संपला, त्या दिवशी पुन्हा काढायचा नाही.

लाइटसेबरचं (स्टार वॉर्सच्या खेळण्यातल्या तलवारीचं) आमिष दाखवू नका. आमिष मोठं असेल तर मूल ओळखतं की समोरचं संकटही तेवढंच मोठं असणार.

आणि समितीला विनंती: "भागूबाई", "एवढी ताई गेली बघ, तू मुलगा असून", हे बसमध्ये चढतानाच बंद करा. मुलांपेक्षा मोठेच हे जास्त बोलतात.

मेधा

---

प्रेषक: सोनाली

पायरेट्स (समुद्री चाच्यांची बोटीची राइड) आणि हाँटेड मॅन्शनबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही. दोन्हींना उंचीची अट नाही, म्हणून सगळे आजी-आजोबा नातवंडांना घेऊन तिथेच जाणार.

पायरेट्समध्ये (ही १९६७ची) बोटीला बार नाही, बेल्ट नाही. सुरुवात शांत, काजवे आणि पाणी. मग बोलणारी कवटी येते आणि तिच्यानंतर लगेच अंधारात घसरण. थोड्या वेळाने दुसरी. दोनच आहेत, मोजून घ्या. त्यानंतर सांगाड्यांची गुहा. शेवटी बोट चढावर जाते तेव्हा मुलं पुन्हा घट्ट धरून बसतात, कारण चढ म्हणजे पुढे घसरण असं त्यांना वाटतं. तिथे घसरण नाही, चढ संपला की उतरायची जागा. हे आधी सांगितलं की शेवटची मिनिटं सुखाची जातात.

हाँटेड मॅन्शनची सगळ्यात वाईट जागा गाडीत बसण्यापूर्वीच येते. आठ भिंतींच्या खोलीत सगळ्यांना उभं करतात, दार बंद होतं, भिंती लांबत जातात, मग दिवे जातात, गडगडाट होतो आणि किंचाळी ऐकू येते. खरं तर ती खोली म्हणजे लिफ्ट आहे, आपल्याला खाली नेते. मोठ्या मुलांना हे गुपित सांगितलं की ती घाबरण्याऐवजी लिफ्टच शोधत बसतात. लहानांना कडेवर घ्या. गर्दीत खाली उभ्या मुलाला अंधारात फक्त पाय दिसतात. पुढे गाड्या मध्येच थांबतात. बहुतेकदा कोणाला चढा-उतरायला वेळ लागत असतो. "बिघडलं नाही, कोणीतरी चढतंय" एवढं सांगायचं. शरद ऋतूपासून जानेवारीपर्यंत आतली सजावट आणि संगीत बदललेलं असतं, तेव्हा व्हिडिओ दाखवताना त्याच मोसमाचा शोधा.

सोनाली

---

प्रेषक: सहल समिती

फार उपयोगी. धाकट्याकडे कोण बघणार, हा प्रश्न राहिला. आणि कानाला लावायचे मफ आणावेत का?

---

प्रेषक: प्रसाद

धाकट्यासाठी रायडर स्विच, म्हणजे पालकांनी आळीपाळीने राइड घेण्याची सोय. पैसे लागत नाहीत. सगळ्यांनी मिळून राइडच्या दाराशी जायचं आणि रांगेत शिरण्याआधी कर्मचाऱ्याला सांगायचं. मूल उंचीत बसत नसेल तरी चालतं आणि बसत असून नको म्हणत असेल तरीही चालतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. पहिला गट नेहमीच्या रांगेतून जातो, दुसरा मुलाजवळ थांबतो. थांबणाऱ्यांची तिकिटं स्कॅन करतात आणि पहिला गट परतल्यावर ते लाइटनिंग लेनने, म्हणजे वेगळ्या जलद रांगेने आत जातात. मुलाला घेऊन आजी बाहेर बसल्या तर आई-बाबा दोघं एकदम जातील आणि स्विचची गरजच नाही. पण आजींना दिवसभराची राखण लावू नका, त्यांनाही पायरेट्स बघायचंय. सात वर्षांखालच्या मुलासोबत राइडमध्ये किमान चौदा वर्षांचं कोणीतरी लागतं, त्यामुळे दहा वर्षांच्या ताईसोबत धाकट्याला पाठवता येणार नाही.

मफ आणा. मुलांच्या मापाचे, डोक्यावरून पट्टी येणारे. रांगेत, अंधाऱ्या राइडमध्ये आणि रात्रीच्या आतषबाजीला उपयोगी. कोस्टरवर उडून जाऊ शकतात, चढण्याआधी काढून बॅगेत ठेवा. घरी आठवडाभर रोज थोडा वेळ घालायची सवय करा, नाहीतर तिथे पहिल्यांदा लावल्यावर मूल दोन मिनिटांत भिरकावून देतं.

बाहेरचं खाणं आत नेता येतं, काचेची भांडी सोडून. दशम्या चालतील. फक्त टीकप्सच्या (गरगर फिरणाऱ्या कपांची राइड) आधी नको, नंतर द्या. आणि टीकप्समध्ये मधलं चाक मोठ्यांनी आपल्या हातात ठेवा. ते फिरवलं नाही तर कप बऱ्यापैकी शांत राहतो. आठ वर्षांच्या दादाच्या हातात गेलं तर दशम्यांचं काही खरं नाही.

प्रसाद