थेरपिस्ट कसा सापडला (की नाहीच सापडला)? अनुभव लिहा

निर्झरा
गेल्या महिन्यात दोघी मैत्रिणींनी विचारलं, "तू कोणाकडे जातेस गं?" नाव सांगायला हरकत नव्हती, पण मला मानवलेली व्यक्ती त्यांना मानवेलच असं थोडंच आहे? म्हणून हा धागा. नावं, क्लिनिकं नकोत. काय जमलं, काय खटकलं ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. लोकलमध्ये दादर यायच्या आधी छातीत धडधड, हात गार, आता संपलंच असं वाटायचं. ईसीजी, टू-डी एको, सगळं नॉर्मल. पहिल्या बाईंनी दुसऱ्याच भेटीत "माझंही अस्संच व्हायचं" म्हणत स्वतःच्या सासूचं पुराण लावलं. पन्नास मिनिटांचे पंधराशे रुपये, त्यातली वीस मिनिटं त्यांच्या सासूबाईंची! दुसरे गृहस्थ सज्जन, पण दर वेळी 'डोळे मिटून ध्यान करा'. डोळे मिटले की माझी धडधड वाढते, हे तीनदा सांगून झालं.

तिसरीने पहिल्या दिवशी विचारलं, "आधीच्या दोघांकडे काय जमलं नाही?" आणि उत्तर लिहून घेतलं. महिन्याभराने म्हणाली, चल, जिना चढू. मुद्दाम पळत, धाप लागेपर्यंत. धडधड म्हणजे हार्ट अटॅक नव्हे, हे डोक्याला आधीच पटलं होतं. ते छातीला पटवायचं होतं. तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघी धापा टाकत उभ्या आणि वॉचमन खालून बघतोय. दादर अजून आवडत नाही, पण उतरते.

माळवद
किल्लारीजवळचं गाव माझं. ३० सप्टेंबर १९९३ ला नऊ वर्षांचा होतो. गणपती बोळवून झोपलेलो, पहाटे चारच्या सुमाराला माळवद खाली आलं. दगडमातीच्या भिंती, वर मातीचा थर. आजी गेली. एवढंच लिहितो.

पुढे कायम दाराजवळ झोपलो. बायकोला वाटायचं, उकडतं म्हणून. पोरगा नऊ वर्षांचा झाला आणि काय झालं कुणास ठाऊक, त्याच्या खोलीत रात्री चार-चारदा जाऊन छत बघायला लागलो.

पहिल्या समुपदेशकांनी पहिल्याच तासाला आग्रह धरला, "सगळं सविस्तर सांगा, मोकळे व्हाल." सांगितलं. आठ दिवस डोळ्याला डोळा नाही. परत गेलो नाही, दोन वर्षं तशीच गेली. आताच्या सरांनी पाच-सहा आठवडे भूकंपाचं नावच काढलं नाही. पाय जमिनीला टेकवा, खोलीतल्या पाच वस्तू मोजा, श्वास सावकाश सोडा, हेच चालू. मग म्हणाले, "आता थोडं थोडं बोलू. नको वाटलं तर हात वर करा, मी थांबेन." एकदा काही होत नसताना मुद्दाम हात वर केला, बघावं म्हणून. थांबले. त्या दिवसापासून खरं बोलायला लागलो.

सांगलीची_आई
माळवद भाऊ, वाचून पोटात कालवलं.
माझं दुखणं साधंच, पण मुलाने लावून दिलेली ऑनलाइन मॅडम सारखी 'हाउ डिड दॅट मेक यू फील?' विचारायची. 'घालमेल' इंग्रजीत कशी सांगू? 'अँक्शस' म्हटलं की ती पुढे जायची आणि माझी घालमेल तिथेच. शेवटी १४४१६ वर फोन केला. सरकारी टेलिमानस, फुकट, मराठीत बोलता येतं. तिथून जिल्ह्यातल्या डॉक्टरांचा रस्ता कळला.

राईनकाठी
इथे जर्मनीत नियमित उपचार मंजूर व्हायच्या आधी दोन ते चार चाचणी भेटी असतात, सरकारी विम्यात. पटलं नाही तर दुसरा शोधा, कुणी रागावत नाही. ऐकायला छान, पण त्या पहिल्या भेटीसाठीच मी पाच महिने थांबलो! तोवर पुण्यातल्या एका ताईंशी पदरच्या पैशाने ऑनलाइन बोलत होतो. वेळ जुळवायला सकाळी साडेसहाला गाडीत बसून.

खिडकीपाशी
या क्षेत्रात आहे म्हणून थोडं. औषध लिहून देतात ते सायकिअॅट्रिस्ट, म्हणजे आधी एमबीबीएस झालेले. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नंबर बिनधास्त विचारा. नुसत्या 'समुपदेशक' पाटीमागे मात्र एमए मानसशास्त्र असू शकतं किंवा शनिवार-रविवारचा कोर्सही. ट्रॉमासाठी वेगळं काय शिकलात, हेही विचारा. चिडले तर उत्तर मिळालंच.

पक्या_६९
मला नाही जमलं. चौघं झाले. गोळ्यांनी तीन-चार आठवड्यांनी झोप लागली, आता तेवढ्यावरच आहे. हाही अनुभवच, म्हणून लिहिला.

निर्झरा
पक्या, बरं केलंत लिहिलंत.

अबोली_नवी
तीन दिवस नुसती वाचतेय. उद्या साडेपाचची वेळ मिळालीय, पहिलीच. घरी 'दाताच्या डॉक्टरकडे जाते' असं सांगितलंय.

सांगलीची_आई
जा गं बाळा. आल्यावर तासभर चिवडा मात्र खाऊ नकोस, पकडली जाशील.