मे महिन्यात ६० मुलांची खिचडी: शिधा किती, कधी शिजवावी?

प्रश्न (कळवा): शाळा बंद आहेत, म्हणून वस्तीतल्या पहिली ते पाचवीच्या ६० मुलांना दुपारी खिचडी द्यायचीय. शिधा किती घ्यावा? सकाळी ९ला शिजवून १ला वाढली तर चालेल का?

उत्तर १: शालेय पोषण आहाराचंच प्रमाण धरा. मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २०, भाजी ५०, तेल ५. म्हणजे ६ किलो तांदूळ, १.२ किलो मूगडाळ, ३ किलो भाजी, ३०० ग्रॅम तेल. एकाच मोठ्या टोपात तळाला करपते, दोन टोप लावा.

उत्तर २ (तुर्भे): ९ची खिचडी १ला अजिबात नको! कोमट भातात जिवाणू वाढतात. त्यांचं विष पुन्हा उकळलं तरी जात नाही, वासावरूनही कळत नाही. साडेअकराला चढवा, वाढेपर्यंत झाकून मंद आचेवर वाफाळती ठेवा. घट्ट झाली तर उकळतं पाणीच घाला, नळाचं नाही. वाढण्याआधी मोठ्यांपैकी कुणीतरी चव घ्या. उरलेली घरी बांधून देऊ नका, कितीही जिवावर आलं तरी.

उत्तर ३: सोबत ताक देणार असाल तर बर्फ त्यात टाकू नका, पातेल्याबाहेर ठेवा. बाजारातला लादीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही.