चॉइस म्हणे चॉइस!

वैतागलेला कोडर: 'फ्रॅगमेंटेशन, म्हणजे दर कंपनीचं अँड्रॉइड वेगळं, ही अ‍ॅपलभक्तांची ओरड, आमचा चॉइस त्यांना बघवत नाही' हे परवाचं वाक्य वाचलं आणि डोकंच फिरलं. मी गोळ्यांच्या वेळा सांगणारं छोटं अ‍ॅप चालवतो, त्याचं काम एकच, वेळेवर वाजायचं. गूगलने २०१५ला अँड्रॉइड ६मध्ये डोझ आणलं, म्हणजे पडून असलेल्या फोनवर अ‍ॅपं झोपवून बॅटरी वाचवायची सोय, ते सांभाळून घेतलं, गूगलच्याच पिक्सेल फोनवर नीट वाजतं. पण एका कंपनीच्या फोनवर रीसेंट्समधून अ‍ॅप सरकवलं की अलार्मसकट मेलं, दुसरीच्या फोनवर 'ऑटोस्टार्ट'चं, म्हणजे अ‍ॅपला आपणहून चालू होऊ देण्याचं, बटण सातव्या पाताळात, तिसरीचं अपडेट आलं की ते बटण आपोआप बंद! कोड तोच आणि शिव्या मला. एका आजोबांची मेल आहे, 'तुमचं अ‍ॅप माझ्यापेक्षा विसरभोळं आहे.' काय उत्तर देऊ?

मुक्तछंद: ते वाक्य माझंच. कुणाला घडीचा फोन हवा, कुणाला पेनवाला, मला मेमरी कार्ड लागतं. एकाच कंपनीच्या हातात सगळं दिलं की ती म्हणेल ती पूर्व दिशा. जुन्या बॅटरीचे आयफोन गुपचूप स्लो केल्याचं २०१७ला अ‍ॅपलनेच कबूल केलं ना? आणि तुम्ही ट्रेबलच्या, म्हणजे अपडेट देणं सोपं करणाऱ्या गूगलच्या बदलाच्या, आधीच्या जमान्यात अडकलात. अँड्रॉइड १०पासून सिस्टिमचे काही भाग थेट प्ले स्टोअरमधून अपडेट होतात. पिक्सेल ८, गॅलॅक्सी एस२४ला ७ वर्षं अपडेट!

जुनी खोडं: ७ वर्षांचं कौतुक सांगताय होय? २०१३च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३मध्ये सिक्युरिटी पॅच आलाय. चालू द्या.

बॅटरीची आई: कोडरसाहेब, राग नको, पण कंपन्या अ‍ॅप मारतात ते बरंच करतात. अर्धी अ‍ॅपं रात्रभर मागे बसून बॅटरी खातात. मी सगळ्यांचं ऑटोस्टार्ट बंदच ठेवते.

वैतागलेला कोडर: ताई, खाणारं मारा की! माझं बिचारं दिवसातून तीनदा उठतं.

बॅटरीची आई: सगळे असंच म्हणतात.

दूरस्थ लेक: ऑटोस्टार्टचं नाव काढू नका. काल फोनवरून आईला ते बटण शोधून देत होते. म्हटलं सेटिंग्जमध्ये बॅटरी उघड, तर तिथे काहीच नाही, शेवटी 'सुरक्षा' नावाच्या भलत्याच अ‍ॅपात सापडलं. पाऊण तास! वर आई म्हणते, तुलाच येत नाही.

मुक्तछंद: यूट्यूबवर बघायचं ना मग.

दूरस्थ लेक: बघितलं हो. व्हिडिओ आधीच्या व्हर्जनचा होता. हाच ना तुमचा चॉइस?

वैतागलेला कोडर: फोन हवे तेवढे प्रकारचे काढा, माझं काही म्हणणं नाही. अलार्म वाजावा की नाही ह्यात कसला आलाय चॉइस?

मुक्तछंद: बरं बाबा, आत्ता माझ्या फोनवर बघितलं. कॅलेंडरचं ऑटोस्टार्ट बंद निघालं. गेल्या महिन्यात दोन मीटिंगा बुडाल्या त्या ह्यामुळेच बहुतेक. तरी दोष फोन कंपनीचा, अँड्रॉइडचा नाही.

वैतागलेला कोडर: मग मी सकाळपासून वेगळं काय बोंबलतोय?