मदत हवी आहे: घाटात मागच्या चाकाचे डावे स्पोक वारंवार तुटतात, चाक नव्याने बांधून घ्यावे की बदलावे?

नमस्कार मंडळी,

माझ्या रोड बाइकच्या मागच्या चाकाचे स्पोक लांबच्या घाटवाटांवर पुन्हा पुन्हा तुटत आहेत, आणि दर वेळी डाव्या बाजूचेच, म्हणजे कॅसेटच्या (मागच्या दातेरी गियरचक्रांच्या संचाच्या) विरुद्ध बाजूचेच तुटतात. आहे तोच हब (चाकाचा मधला तुंबा) ठेवून चाक नव्या स्पोकांनी पूर्ण बांधून घ्यावे की सरळ नवे चाक घ्यावे, याविषयी ज्यांनी असे काम करवून घेतले आहे किंवा स्वतः केले आहे त्यांचा सल्ला हवा आहे. येत्या हिवाळ्यात 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करण्याचा विचार आहे. साडेतेरा तासांची मुदत मला पुरेल असे वाटते, पण चाकावर भरवसा नसताना नाव नोंदवायला मन धजत नाही.

सायकलची माहिती आधी देतो. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, ब्रेक रिमचे, टायर 700×28. मागचे चाक 32 स्पोकांचे, तीन क्रॉस पद्धतीचे (प्रत्येक स्पोक इतर तीन स्पोकांना ओलांडून जातो असे) असून ते सायकलसोबतच आले होते, म्हणजे यंत्रावर बांधलेले आहे. स्पोक स्टेनलेस स्टीलचे, सगळीकडे सारख्या 2 मिमी जाडीचे आहेत. माझे वजन 88 किलो आणि मागच्या कॅरिअरवर साधारण 5 किलोंची पिशवी असते.

शेवटचा स्पोक तुटला तो पुणे-महाबळेश्वर मार्गावर. कात्रजचा जुना घाट, शिरवळ, खंबाटकी आणि सुरूर फाट्याला महामार्ग सोडून वाई, इथपर्यंत काहीही तक्रार नव्हती. पसरणी घाटात, धोम धरणाचे पाणी खाली दिसू लागल्यावर, सगळ्यात हलक्या गियरमध्ये चढत असताना मागून टणकन आवाज आला आणि रिम दर फेऱ्याला उजव्या ब्रेकपॅडला घासू लागली. डाव्या बाजूचा एक ओढ कमी झाला की रिम उजवीकडेच सरकणार, हे उघड आहे. तुटलेला स्पोक शेजारच्या स्पोकाला चिकटपट्टीने बांधला, त्याच्या दोन्ही बाजूंच्या उजव्या स्पोकांचे निपल (स्पोक आवळायचे रिमकडचे छोटे नट) अर्धा-अर्धा फेरा सैल केले, मागच्या ब्रेकची खिट्टी उघडी ठेवली आणि तसाच पाचगणीपर्यंत चढलो. उतरताना मात्र सायकल टेम्पोत घातली. रिम ब्रेकवर एवढा लांब उतार केवळ पुढच्या ब्रेकने उतरायचा म्हणजे सगळी उष्णता एकाच रिममध्ये साठणार, आणि रिम फार तापली तर ट्यूब फुटू शकते. पुढची ट्यूब वळणावर फुटण्याचा धोका कुणीही पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुटलेले सगळे तुकडे मी जपून ठेवले आहेत. प्रत्येक स्पोक हबच्या फ्लँजमधून (स्पोक अडकवायच्या कडेच्या चकतीतून) बाहेर पडताना जिथे वाकतो, नेमका तिथेच तुटला आहे. भिंगाखाली पाहिले तर तुटलेल्या टोकाचा अर्ध्याहून अधिक भाग गुळगुळीत आणि काळपट दिसतो, तर उरलेला चंद्रकोरीएवढा भाग चकचकीत आणि खरबरीत आहे. याचा अर्थ तडा आधीपासून हळूहळू वाढत होता आणि शेवटचा दुवा फक्त त्या चढावर तुटला. एखाद्या खड्ड्याच्या धक्क्याने हे झालेले नाही. कॅसेटमागे चेन पडून स्पोकांवर ओरखडे आले असावेत अशी शंका काही जणांनी काढली, परंतु तसे ओरखडे उजव्या बाजूला आले असते, आणि उजवे स्पोक एकही न तुटता शाबूत आहेत.

दर वेळी जवळच्या दुकानात नवा स्पोक घालून चाकाचा आउट (वाकडेपणा) काढून घेतला. चाक स्टँडवर अगदी सरळ फिरते, डावी-उजवीकडे एक मिलिमीटरसुद्धा हलत नाही, आणि तरीही पुढच्या मोठ्या राइडमध्ये दुसरा एखादा स्पोक जातो. म्हणून एका मित्राकडचा स्पोकांचा ताण मोजणारा पार्क टूल टीएम-1 मीटर आणून सगळे स्पोक तपासले. उजव्या बाजूला ताण 75 ते 95 किलोंच्या दरम्यान आणि डाव्या बाजूला 30 ते 50 किलो निघाला. बोटाने छेडले तरी हा फरक ऐकू येतो: डाव्या बाजूचे काही स्पोक नीट सूर देतात आणि काही नुसते थडथडतात.

माझी समजूत अशी आहे. कॅसेटला जागा द्यावी लागत असल्यामुळे उजवा फ्लँज रिमच्या मध्यरेषेजवळ येतो, उजवे स्पोक उभट राहतात, आणि रिम मध्यावर ठेवायची तर डाव्यांना उजव्यांच्या निम्म्याहून थोडा अधिक एवढाच ताण देता येतो. उजवे 110 किलोंपर्यंत ओढले तर डाव्यांच्या वाट्याला 60च्या आसपास येतात. पण उजवेच ढिले असतील तर डाव्यांकडे उरते काय? स्पोक चाकाच्या खालच्या बाजूला येतो तेव्हा त्याचा ताण कमी होतो, आणि मुळात ताण अपुरा असेल तर तो क्षणभर पूर्ण सैल पडून पुन्हा ओढला जातो. 100 किलोमीटरमध्ये हे चाक सुमारे 47 हजार वेळा फिरते. तार तितक्या वेळा वाकवली तर ती वाकाच्या जागीच तुटणार. घाटात माझे वजन मागच्या चाकावर अधिक येते आणि उभा राहून पेडल मारताना चाकाला बाजूचेही हिसके बसतात, म्हणून शेवटचा घाव तिथे बसत असावा. ही कारणमीमांसा चुकत असेल तर कृपया दुरुस्त करावी.

आता प्रश्न. जे डावे स्पोक अजून तुटलेले नाहीत तेही तितकेच वापरले गेले आहेत, त्यामुळे नुसता ताण वाढवून ते टिकतील यावर माझा विश्वास नाही. डाव्या बाजूला मध्यभागी बारीक असणारे 2.0/1.8 मिमीचे बटेड स्पोक घालावेत असा एक सल्ला मिळाला आहे. बारीक स्पोक तेवढ्याच ताणाला अधिक लांबतात, त्यामुळे भार आल्यावर सहसा पूर्ण सैल पडत नाहीत, हे त्यामागचे कारण पटते. पण 88 किलो वजनाला आणि कॅरिअरवरच्या पिशवीला ते पुरतील का, हे कुणी प्रत्यक्ष वापरून पाहिले आहे का? उजवे स्पोक तसेच ठेवून फक्त डावी बाजू बदलणे शहाणपणाचे आहे, की सगळे 32 स्पोक आणि निपल एकदमच बदलावेत? रिमची ब्रेक घासणारी बाजू पट्टी लावून पाहिली असता किंचित खोलगट झाल्यासारखी वाटते, आणि हा मुद्दा मला सर्वांत जास्त सतावतो आहे, कारण अशा रिमवर नवे स्पोक बांधण्याची मजुरी कदाचित वायाच जाईल. रिमही बदलायची तर 36 छिद्रांचा हब आणि रिम घेऊन चाक पूर्ण नवे बांधणे अधिक योग्य ठरेल का?

तात्पुरती सोय म्हणून मी आता डाव्या लांबीचे जादा स्पोक आणि निपलची चावी सोबत ठेवतो. डावा स्पोक कॅसेट न काढता रस्त्यातच बदलता येतो. उजव्यासाठी कॅसेट काढावी लागते आणि तिला चेन व्हिप आणि लॉकरिंगचे हत्यार लागते, ते घाटात कुठून आणणार? पण एवढ्या सोयीवर बीआरएमला उतरणे मला योग्य वाटत नाही.

पुणे किंवा पिंपरी-चिंचवड परिसरात चाक हाताने बांधणारा, बांधताना स्पोकांच्या जोड्या दाबून ताण बसवणारा आणि काम झाल्यावर मीटरने दोन्ही बाजूंचे आकडे दाखवणारा कारागीर कुणाला माहीत असल्यास येथे जरूर लिहावे. चाक सोपवताना कोणत्या गोष्टी त्याच्याकडून आधीच मान्य करून घ्याव्यात, तेही सांगितल्यास आभारी राहीन. हबच्या फ्लँजचे आणि रिमच्या छिद्रांचे जवळून घेतलेले फोटो कुणाला हवे असल्यास मी टाकतो.