अमेरिकेच्या मैदानी भागातील वादळांचा अंदाज कसा वाचावा?

मुलुंडची आई:
माझी मुलगी कॅन्सस राज्यात विचिटाला शिकते. एप्रिल लागल्यापासून मी ओक्लाहोमातील नॉर्मनच्या वादळ अंदाज केंद्राचा नकाशा रोज उघडते. आज विचिटावर पिवळा रंग, म्हणजे पाचांपैकी दुसरी पायरी आहे. मग धोका किरकोळ समजायचा का? तसे असेल, तर तळघराची जागा आधीच बघून ठेवा, असे तिच्या विद्यापीठाने का कळवले असावे?

ढगाळ:
ताई, तो रंग शक्यता सांगतो. गारांच्या नकाशावर १५ टक्के असतील, तर त्या ठिकाणापासून सुमारे ४० किलोमीटरच्या आत निदान एक इंच व्यासाच्या गारा पडण्याची शक्यता तेवढी आहे. वादळ ज्याच्या घरावरून जाईल, त्याला त्या दिवशीच्या रंगाचा काही उपयोग नसतो, म्हणून विद्यापीठाने केले ते योग्यच आहे. आपल्या हवामान विभागाच्या यलो, ऑरेंज, रेड इशाऱ्यांशीही हे रंग ताडून पाहू नका. तिथे नारिंगी ही तिसरी पायरी असून तिच्यावर आणखी दोन आहेत.

वळीव:
वसंतातच हे का घडते, तेही सांगतो. मेक्सिकोच्या आखातावरून दमट, उबदार हवा जमिनीलगत उत्तरेकडे सरकते आणि नैर्ऋत्येच्या उंच, रखरखीत प्रदेशातून आलेली तापलेली कोरडी हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. दुपारभर खाली ऊर्जा साठत राहते आणि झाकण फुटले की पाहता पाहता ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. त्यातच, उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा झपाट्याने बदलत असल्यामुळे वर चढणारी हवा स्वतःभोवती फिरू लागते. हाच सुपरसेल, आणि सर्वांत विध्वंसक टोर्नेडो बहुधा त्यातूनच उतरतात. झाकण फुटलेच नाही, तर लाल रंगाचा दिवसही कोरडा जातो. आपल्याकडे वळवाच्या पावसात वाऱ्याचा असा पीळ सहसा नसतो, तरी नुसत्या सोसाट्याच्या वाऱ्याने काय होते, ते १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला फलक कोसळला तेव्हा आपण पाहिले आहे.

मुलुंडची आई:
दोघांचीही आभारी आहे. मग मी इथून नेमके काय पाहावे?

ढगाळ:
‘वॉच’ लागला, तर वादळाला पोषक स्थिती आहे, एवढेच समजा. तो मोठ्या भागासाठी आणि काही तासांसाठी असतो. ‘वॉर्निंग’ मात्र तिथले स्थानिक कार्यालय वादळ रडारवर दिसल्यावर किंवा कोणी प्रत्यक्ष पाहिल्यावर देते, आणि ती टोर्नेडोची असेल, तर त्याच क्षणी तळघर गाठायचे असते. सध्या विचिटा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे. तिथला साडेअकराचा सुधारित अंदाज आपल्याकडे रात्री दहाला येतो, तो वाचून मुलीशी बोलून घ्या आणि फोन चार्ज करून इशाऱ्यांचा आवाज चालू ठेवायला सांगा. वादळांचा भर तिथे दुपारी चारनंतर, म्हणजे आपल्या पहाटे अडीचनंतर असतो. त्या वेळी तिला वारंवार फोन करू नका, वॉर्निंग संपली की तिनेच एक मेसेज टाकावा, असे ठरवून ठेवा.